सीताफळाचा थर

बोरीवली पूर्वेच्या ‘प्रभातकिरण’ सोसायटीत कोजागिरीला मसाला दूध सोडून दुसरं काही करावं असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या जानकीकाकू परब दरवर्षी मोठं पातेलं चढवायच्या, आणि ते दूध पिऊन लोक निदान दिवाळीपर्यंत एकमेकांशी बरे बोलायचे. पण देवव्रत तेंडोलकर यांना सांस्कृतिक सचिव होऊन चार महिने झाले होते, आणि माणूस एकदा सचिव झाला की त्याला चांगलं चाललेलं बघवत नाही.

त्यातून देवव्रतच्या नावाला आधीच थोडा डाग लागला होता. पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला, सगळे ताठ उभे राहिले, आणि देवव्रतच्या मोबाइलवरून राष्ट्रगीताच्या आधी एका गादीची जाहिरात लागली. ती मध्येच बंद करता येत नव्हती. सोसायटी सावधान उभी राहून पाठदुखीवरचे उपाय ऐकत राहिली. पुढे गणपतीत संगीत खुर्चीच्या वेळी एक खुर्ची हंसाबेनसकट मोडली. हंसाबेन दुसऱ्या मजल्यावरच्या, स्वभावाने शांत. पण शांत माणूस खुर्चीतून पडला की त्याची शांतता फार दिवस लक्षात राहते.

तेव्हा अध्यक्ष बाळ सामंत यांनी लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये, देवव्रतला सांगून टाकलं होतं, “कोजागिरी शेवटची हां तुझी. जमलं तर ठीक, नाहीतर निलेश बघेल.” निलेशकडे स्वतःचा माइक आणि स्पीकर होता. आपल्याकडे सांस्कृतिक कार्य म्हणजे हेच दोन पदार्थ असल्यामुळे निलेशची पात्रता वादातीत होती.

ऑफिसात देवव्रतला कुणी विचारत नसे. घरात त्याची बायको ऋता विचारत असे, पण उत्तर ऐकायला थांबत नसे. हे एक सचिवपद काय ते त्याने मतं मिळवून मिळवलं होतं आणि ते त्याला मनापासून आवडत होतं. नोटीस बोर्डाच्या काचेला कुलूप होतं आणि त्याची किल्ली त्याच्या खिशात असायची. ती किल्ली निलेशच्या हातात द्यायची, या कल्पनेने त्याला रात्री कूस बदलावी लागे.

अशा मनःस्थितीत माणसाला कल्पना सुचतात. देवव्रतला सुचली ती अशी : सोसायटीतल्या मुलांनी आपल्या हातांनी शरद ऋतूतल्या फळांचं पक्वान्न करायचं. पारदर्शक ग्लासात थर द्यायचे. खाली बिस्किटाचा चुरा, त्यावर चिकू, मग चक्का, मग सीताफळ आणि डोक्यावर डाळिंबाचे दाणे. वर गच्चीत चांदणं, हातात थरांचा ग्लास, समोर आपली मुलं. त्याने नावही ठरवलं, ‘शरदस्तर’. मुलांनी ते नाव एकदाच ऐकलं आणि त्या दिवसापासून त्याला ‘ग्लासवालं’ म्हणायला सुरुवात केली.

हा विषय कमिटीपुढे आला तेव्हा कमिटी खरं तर पुनर्विकासासाठी जमली होती. गेली सहा वर्षं ती पुनर्विकासासाठीच जमत होती. त्यामुळे थर म्हणताच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मजले उभे राहिले.

“प्रत्येक थराची उंची किती?” बाळ सामंतांनी विचारलं.

“बोटभर.”

“कुणाचं बोट? हे असं मोघम चालत नाही देवव्रत. बिल्डरनेही आपल्याला असंच सांगितलं होतं.”

मग चक्का आणि फळ एकत्र खाल्लं तर तो विरुद्ध आहार होतो का, यावर पाऊण तास गेला. बाळ सामंत म्हणाले की होतो, आणि अंगावर पित्त उठतं. त्यांच्या मेहुण्याच्या उठलं होतं. फ्रूटसॅलड खाताना हा नियम कुठे जातो, असं देवव्रतने विचारलं, तर ते म्हणाले, “लग्नात चालतं.” हंसाबेननी जिलेटीन नको, अंड्याचं बिस्किट नको आणि कुणाचाही चमचा कुणालाही लागायला नको एवढ्या तीन अटी शांतपणे घातल्या. हंसाबेन बाटलीतलं पाणीसुद्धा वरून पीत. बाळ सामंत तर गच्चीवर येताना आपला पेला घरून आणत. या दोघांकडे बघूनच देवव्रतने ठरावात ‘संपूर्ण स्वच्छता राखून’ हे शब्द स्वतःहून घातले, आणि पुढे तेच त्याला भोवले.

ठराव मंजूर झाला. जानकीकाकूंना सांगायला मात्र देवव्रतची जीभ उचलेना. शेवटी तो त्यांच्या दारात उभा राहून चप्पल न काढता म्हणाला, “काकू, यंदा तुम्हाला विश्रांती.”

“बरां झाला बाबा,” काकू म्हणाल्या. “माझे गुडघे आधीच बोलतत.” आणि त्यांनी दार इतक्या हळू लावलं की देवव्रतला ते आपटल्यासारखं वाटलं.

पुढचा प्रश्न सीताफळांचा. चिकू गरीब फळ आहे, सांगाल तसं वागतं. डाळिंबाचं दाणे काढेपर्यंत काय ते नाटक. सीताफळाला मात्र स्वतःचं मत असतं. बाजारातून आणताना ते दगडासारखं असतं, संध्याकाळी बघावं तर तसंच, आणि सकाळी उठून बघावं तर फुटून तांदळात बसलेलं. देवव्रतने स्टेशनजवळच्या बाजारातून दोन टोपल्या घेतल्या आणि पिकायला म्हणून पाच घरांतल्या तांदळाच्या डब्यांत वाटून ठेवल्या. त्यातली हंसाबेनच्या घरची त्यांच्या सासूबाईंनी तपासून संपवली. स्वतःच्या घरची दोन फुटली, मुंग्या लागल्या, आणि ऋताने सगळे तांदूळ गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरले.

“सीताफळाची एक बी माझ्या स्वयंपाकघरात दिसली ना,” ती म्हणाली, “तर तुझी कार्यशाळा जिन्यात होईल.”

ऋताचा राग खरं तर रंगीत तालमीचा होता. देवव्रतने आदल्या आठवड्यात सीताफळाचा गर बियांसकट मिक्सरमध्ये फिरवला होता. बिया आपोआप बाजूला होतील, असं त्याला एका व्हिडिओत दिसलं होतं. व्हिडिओत झाल्याही होत्या. इथे मात्र त्यांचा भुगा झाला आणि तो गर इतका कडू झाला की सचिवांनी एक चमचा चाखून संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलणं टाळलं. उरलेला ऋताने फेकून दिला, मिक्सरचं भांडं चार वेळा धुतलं आणि तरी दुसऱ्या दिवशी चटणी कडू लागली. एक गोष्ट मात्र पक्की झाली. सगळं पक्वान्न सीताफळाच्या बियांवर अडलेलं होतं.

कोजागिरी नेमकी रविवारी आली, एवढी मात्र चंद्राने त्याच्यावर कृपा केली. सकाळी देवव्रतच्या घरात सोसायटीतली मुलं जमली. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा सिद्धेश होता, आणि पाचव्या मजल्यावरची प्रांजल होती. प्रांजल दहा वर्षांची. समोरच्या मोठ्या माणसाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ती थांबायची आणि मग त्यात नेमकं काय चुकलं ते विचारायची. बाकीची मुलं काहीही करण्याआधी तिच्याकडे बघत. देवव्रतच्या हे लक्षात यायला हवं होतं, पण तो तेव्हा वाटपाचा कागद वाचत होता.

“प्रत्येक फ्लॅटला दोन ग्लास,” त्याने जाहीर केलं. “एक श्री आणि एक सौ. पाहुणे असतील तर अध्यक्षांच्या परवानगीने.”

प्रांजल थांबली. “आणि आम्हाला काका?”

“तुम्हाला काय?”

“आम्ही बनवणार ना. मग आम्हाला किती?”

देवव्रतने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. मुलांचा विचार कमिटीने केलाच नव्हता, आणि कमिटीने न केलेला विचार सचिवाने आयत्या वेळी करणं नियमात बसत नव्हतं.

“उरलं तर,” तो म्हणाला.

मागच्या कोजागिरीलाही मुलांना ‘मोठ्यांचं होऊ दे’ म्हणून शेवटी बसवलं होतं आणि त्यांच्या वाट्याला पिस्त्याविना तळाचं दूध आलं होतं. हे देवव्रत विसरला होता. मुलं विसरली नव्हती. सिद्धेशने प्रांजलकडे पाहिलं. प्रांजल बिस्किटाचा पुडा लाटण्याने बडवत होती. ती तसंच बडवत राहिली, जरा जोरात.

सीताफळांचं काम ऋताच्या धमकीमुळे जानकीकाकूंच्या घरी हलवलं. ‘एक बी दिसता कामा नये’ असं बजावून देवव्रतने मुलांना घमेलं देऊन खाली पाठवलं आणि तो वर चक्क्यात साखर फेटत बसला. त्याला वाटलं होतं, आता निम्मा गर पोटात जाणार, उरलेल्यात बिया असणार. पण दुपारी मुलं परत आली तेव्हा पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. गर मऊ, पांढराशुभ्र. एक बी नाही. देवव्रतने चमचा तळापर्यंत फिरवून पाहिला.

“अरे वा. कसं काय जमवलंत?”

“जमवलं आमच्या पद्धतीने,” प्रांजल म्हणाली.

त्या वेळी देवव्रतला त्या वाक्यात फक्त शिस्त ऐकू आली. त्याने आयुष्यात पहिल्यांदा मुलांचं मनापासून कौतुक केलं आणि मुलं खाली मान घालून थर लावू लागली. काम सुंदर झालं, हे मान्य करायला हवं. तपकिरी चुरा, त्यावर चिकू, त्यावर पांढरा चक्का, त्यावर सीताफळ, वर लाल दाणे. एकही थर दुसऱ्यात घसरला नाही. ग्लास एका फ्रिजमध्ये मावेनात म्हणून चार घरी वाटून ठेवले. त्यात बाळ सामंतांनी आपला फ्रिज मोठ्या मनाने देऊ केला, आणि संध्याकाळी तिथून ग्लास आणताना दोन कमी भरले. देवव्रतला वाटलं आपलीच मोजणी चुकली असेल. अध्यक्षांबद्दल तसं काही मनात आणणं बरं नव्हे.

रात्री गच्ची भरली. निलेशने आपला माइक लावला होता आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हणताना तो देवव्रतकडे घर बघायला आलेल्या माणसासारखा बघत होता. चंद्र टाकीच्या वर आला. पूजा झाली. टेबलावर ग्लास मांडले तेव्हा बायकांनी आधी फोन काढले, फोटो घेतले. ऋतासुद्धा दोन पावलं मागे होऊन म्हणाली, “छान दिसतंय रे.” देवव्रतने ते वाक्य मनात नीट घडी करून ठेवलं, कारण पुढचं कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. बाळ सामंतांनी भाषण सुरू केलं. संस्कार, संस्कृती, आजची पिढी. लोकांच्या हातात ग्लास गेले होते आणि सगळे भाषण संपायची वाट बघत होते.

तेवढ्यात कुणीतरी देवव्रतचा झब्बा ओढला.

“बाबा,” सिद्धेश म्हणाला, “एक सांगायचं होतं. चिडणार नाहीस ना?”

या वाक्यानंतर जगात कधीही काही चांगलं आलेलं नाही. देवव्रत टाकीमागे गेला. तिथे सगळी मुलं रांगेत उभी होती, आणि पुढे प्रांजल.

“काका, ते सीताफळ आहे ना,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात एक बी दिसता कामा नये.”

“मग?”

“मग बी कशी निघते? तोंडात टाकायचं, जिभेने बी बाजूला करायची. बी थुंकायची आणि गर परत पातेल्यात.”

“परत पातेल्यात,” देवव्रत म्हणाला.

“आम्ही चुळा भरल्या होत्या आधी,” सिद्धेशने समजावलं.

देवव्रतने टाकीला पाठ टेकली. पलीकडे सोसायटी हातात ग्लास धरून उभी होती, श्री आणि सौ. त्याला हंसाबेन आठवल्या, वरून पाणी पिणाऱ्या. ठरावातले ‘संपूर्ण स्वच्छता राखून’ हे शब्द आठवले, आणि खाली आपलीच सही. गप्प राहिलं तर कुणाला कळणार? मुलं बोलणार नाहीत. उद्या सगळे म्हणतील, तेंडोलकरांनी करून दाखवलं. किल्ली खिशात राहील. सांगितलं तर किल्ली आत्ता, याच गच्चीवर, निलेशला द्यावी लागेल. खिशात हात घालून तो ती किल्ली चाचपत राहिला, आणि त्याला फार वाईट वाटलं. मग त्याला ऋता दिसली. तिने चमचा उचलला होता.

तो धावला आणि निलेशने सामंतांपुढे धरलेला माइक त्याच्या हातातून घेतला. बाळ सामंत ‘आजच्या पिढीकडे बघून ऊर’ इथवर आले होते.

“एक मिनिट. कृपया कुणीही खाऊ नये,” देवव्रत म्हणाला. घाबरला की त्याची भाषा आपोआप नोटीस बोर्डावर जाते. “काही तांत्रिक कारणास्तव सदर पक्वान्नातील चौथा थर हा, म्हणजे, मुखमार्गे निर्बीज करण्यात आलेला आहे.”

गच्चीला कळेना. निलेशने विचारलं, “म्हणजे काय?”

“म्हणजे मुलांनी बिया तोंडाने काढल्या. सगळं उष्टं आहे. चूक माझी आहे, मी लक्ष द्यायला हवं होतं.”

मग टेबलावर ग्लास परत ठेवल्याचे आवाज सुरू झाले, टक, टक, टक, सगळ्या गच्चीभर. हंसाबेननी ग्लास ठेवला आणि ओढणीने बोटं पुसली. ऋताने चमचा ठेवला, पण तिने देवव्रतकडे पाहिलं ते रागाने नव्हे. लग्नाला चौदा वर्षं होऊनही ही नजर त्याच्या ओळखीची नव्हती. सगळ्यात वाईट अवस्था बाळ सामंतांची झाली. त्यांच्या हातातल्या ग्लासात त्यांनी अजून चमचाही घातला नव्हता, तरी ते पांढरे पडले आणि पोटावर हात ठेवून खुर्चीत बसले.

“मग आता याचं करायचं काय?” निलेश म्हणाला.

प्रांजल पुढे आली. अगदी नम्रपणे. “आम्हाला चालेल काका. आमचंच उष्टं आहे. आमच्यात चालतं.”

कुणाची हरकत असण्याचं कारण नव्हतं. मुलांनी ट्रे उचलले, टाकीपलीकडे चांदण्यात गोल करून बसली आणि जेवायला बसल्यासारखी शांतपणे खाऊ लागली. एकेकापुढे चार-चार ग्लास.

मोठी माणसं रिकाम्या हातांनी चंद्राकडे बघत उभी राहिली. बाळ सामंत सावरून उठले आणि घसा खाकरून म्हणाले, “तर देवव्रत, आपलं लिफ्टमध्ये बोलणं झालं होतं.”

देवव्रतने किल्ली काढली. तेवढ्यात जिन्यातून वेलचीचा वास आला. आधी वॉचमन सहदेव आला, दोन्ही हातांनी मोठं पातेलं धरून. त्याच्यामागून एकेक पायरी मोजत जानकीकाकू. गच्चीवर जो आनंद पसरला त्याचं वर्णन करायला नको. पेल्यांची झुंबड उडाली. बाळ सामंतांनी स्वतःचा पेला सगळ्यांच्या पुढे घातला.

“काकू, तुम्हाला कसं कळलं?” देवव्रतने त्यांना खुर्ची देत विचारलं.

“माका काय कळतला? पोरां दुपारीच सांगान गेली. मोठ्यांका गिलास पुरूचे नाय, काकू, तुमी आपलां दूध करा.”

“दुपारी?”

“सीताफळां घासताना. चाळणी दिलंय मी, घासून घासून बियो काढल्यानी. गुणाची पोरां हां.”

देवव्रत हळूच खाली वाकला. “काकू, बिया चाळणीवर काढल्या? तोंडाने नाही?”

“तोंडान?” काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो अर्धं पाऊल मागे सरकला. “माझ्या रांदपाच्या खोलीत? मी करूक दितलंय?”

देवव्रत सरळ झाला. माइक अजून चालू होता आणि हाताशी होता. एका वाक्यात सगळा हिशेब चुकता झाला असता. पण पलीकडे सिद्धेश तिसरा ग्लास खरवडत होता. बापाला एवढा खूश तो बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता. इकडे लोक दूध पीत होते आणि एकमेकांशी बरे बोलत होते. देवव्रतने माइक बंद केला आणि तो बाळ सामंतांकडे गेला.

“काका, किल्ली कुणाला देऊ? आणि हो, तुमच्या फ्रिजमधून दोन ग्लास कमी आले. कमिटीपुढे हिशेब द्यावा लागेल म्हणून विचारतो.”

बाळ सामंतांनी दुधाचा घोट घेतला, तो गिळायला बराच वेळ लावला, आणि मग देवव्रतच्या खांद्यावर हात ठेवला. “किल्ली राहू दे रे तुझ्याकडे,” ते हळू आवाजात म्हणाले. “निलेशला काय कळतंय यातलं? आणि मला सांग, पित्तावर काय घेतात?”

“दूध,” देवव्रत म्हणाला आणि किल्ली खिशात टाकली.

मग त्याने झब्ब्याच्या बाह्या वर केल्या, टाकीला वळसा घातला आणि मुलांच्या गोलात जाऊन मांडी घातली. मुलं खायची थांबली. सिद्धेशने पुढ्यातला ग्लास हळूच मागे सरकवला. देवव्रत कुणावर चिडला नाही. त्याने सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि शेवटी त्याची नजर प्रांजलवर थांबली.

“चाळणी बरी होती काकूंची?” त्याने विचारलं.

प्रांजलने चमचा चाटून पुसून स्वच्छ केला. तिला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हेही तिला कळलं होतं. तिच्यापुढे अजून दोन ग्लास भरलेले होते.

“एक मला दे ना,” देवव्रत म्हणाला. “मी अजून चवसुद्धा बघितली नाही.”

प्रांजलने नेहमीसारखं त्याचं वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग तिने पुढचा ग्लास जवळ ओढला.

“थांबा काका,” ती म्हणाली. “उरलं तर.”